मदत हवी आहे: क्रँकवर चमक ठिगळं-ठिगळं आली, अक्षरांतला रंगही उडाला

जुनंचाक
धागा घाईत काढतोय. जुन्या रोड बाईकचा क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा) पॉलिश करायला घेतला. क्रँकचा उजवा हात मधोमध आरशासारखा झाला, पण कडांना आणि दातेरी चाक धरणाऱ्या पाच बोटांच्या मुळाशी दुधाळ डाग तसेच आहेत. कितीही घासा, ढिम्म फरक नाही. वर कोरलेल्या अक्षरांतला काळा रंग निम्मा निघून आला. रविवारी राइड आहे, त्याआधी सायकल जोडायची आहे. डाग कसे घालवू आणि रंग कसा भरू, एवढंच सांगा. "नवीन घ्या" हा सल्ला नको, मला हाच बसवायचा आहे.

तिरकीचेन
कंपनी कोणती? कशाने घासलंत? फोटो टाका. नुसतं "पॉलिश केलं" यावरून काय कळणार?

सोडालिंबू
सोपं आहे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, वरचा थर साफ निघेल, मग बफिंग (कापडी चाकाने घासून चमकवणं). मी सगळे पार्ट असेच करतो. ब्रेक लिव्हर, सीटपोस्ट, सगळे.

तिरकीचेन
अहो, कोणता थर आहे हे ठरण्याआधीच सोडा? तो ॲल्युमिनियमही खातो. थर निघाला की तिथे थांबत नाही, अक्षरांच्या कडा बोथट करून टाकतो. शिवाय हायड्रोजन सुटतो, म्हणजे बंद खोलीत नको आणि जवळपास ज्योत तर मुळीच नको. करायचंच असेल तर हातमोजे आणि चष्मा हवाच. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही.

सोडालिंबू
लक्ष देऊन केलं तर काही होत नाही. मिनिटभरात बाहेर काढायचा. काळपट होतो तो मिश्रधातूतल्या तांब्यामुळे, पुसला की जातो.

कापडीटेप
क्रँक चमकवाल, पण हँडलबारला प्लास्टिकची टेप असेल तर सगळी शोभा गेली. सुती टेप गुंडाळा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पातळ हात द्या. प्रत्येक हातानंतर रंग गडद होत जातो. मधाच्या रंगावर थांबायचं.

जुनंचाक
टेपचं विचारलेलं नाही. कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड आहे. नेहमीची धातू पॉलिशची पेस्ट आणि जुना बनियन. याने काय फरक पडतो?

तिरकीचेन
सगळा फरक त्यानेच पडतो. यावर पारदर्शक ॲनोडायझिंग (विजेने चढवलेला संरक्षक थर) असतं. मधोमध बुटाने घासून ते वर्षानुवर्षांत उडालेलं, तिथे उघडा धातू मिळाला म्हणून पेस्टने चमक आली. कडांना थर शाबूत आहे. तो ॲल्युमिनियमचं ऑक्साइडच, पेस्टला दाद देत नाही. खात्री करायची तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहते का ते बीपने सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. चकचकीत भागावर दोन्ही टोकं टेकवली की बीप येईल, दुधाळ भागावर येणार नाही. हा थर वीज वाहत नाही.

जशीच्यातशी
मग तो थर काढताय कशाला? ॲनोडायझिंग गेलं की घाम आणि पाऊस लागून धातू मंद पडतो आणि पुन्हापुन्हा पॉलिश करत बसावं लागतं. बुटाची झीज ही त्या सायकलची कमाई आहे. साबणाच्या पाण्याने धुवा, मेणाचा हात द्या, झालं.

सोडालिंबू
अर्धा चकचकीत आणि अर्धा दुधाळ? याला कमाई म्हणायचं?

जुनीवेल्ड
पॉलिश बाजूला ठेवा. "बोटांच्या मुळाशी" हे वाचून थांबलो. या जातीच्या जुन्या क्रँकला उजवीकडे, हात आणि बोटांच्या मधल्या तीक्ष्ण खाचेत भेगा जातात, हे सर्वज्ञात आहे. बफिंगने धातू सरकून भेगेचं तोंड बुजतं आणि मग ती दिसत नाही. म्हणून आधी तपासा. खाचा ॲसिटोनने स्वच्छ करा, रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. भेग असेल तर रॉकेल झिरपून पुडीवर काळसर रेघ उमटते. रेघ आली तर तो क्रँक चालवायचा नाही, कितीही देखणा असला तरी.

तिरकीचेन
+१. हे सगळ्यांत आधी.

जुनंचाक
खडू केला. पूड पांढरीच राहिली, पाचही खाचांत. मल्टिमीटरचंही म्हणालात तसंच निघालं. सोडा नको, घरात लहान मूल आहे. मग थर कसा काढू? आणि रंगाचं कुणीच सांगितलं नाही!

जुनीवेल्ड
वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद), पाण्यात भिजवून. आकडा मोठा तितका कागद बारीक. ४०० ने सुरू करा. दुधाळपणा सगळीकडून गेला की ६००, ८००, १२००, मग पेस्ट. दर वेळी दिशा आडवी बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. अक्षरांवर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून चालवा, बोटाने दाबलं तर कडा गोल होतात. एक्सलचं चौकोनी भोक मात्र पॉलिशपासून लांब ठेवा.

रंग शेवटी. ॲसिटोनने अक्षरांच्या तळाचा पॉलिशचा काळा मळ काढा, नाहीतर रंग धरत नाही. मॉडेलवाल्यांचा इनॅमल टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब सोडा, बाहेर सांडला तरी चालेल. साय धरली की गुळगुळीत कार्डाला कापड ताणून बांधा, टर्पेंटाइन जेमतेम लावा आणि अक्षरांना आडवं पुसा. नुसतं मऊ कापड खाचेत शिरतं आणि रंग ओढून आणतं.

सोडालिंबू
रविवारचीच घाई असेल तर काळा मेणखडू घासून भरा, दोन मिनिटांचं काम.

तिरकीचेन
उन्हात मऊ होईल, धूळ धरेल. इनॅमलच बरा.

जुनंचाक
पेपर झाला, डाग गेले! रंग भरलाय, पण अजून चिकट लागतोय. आत्ता पुसू का?

जुनीवेल्ड
कोरलेल्या भागाबाहेर सांडलेल्या थेंबावर नख टेकवून बघा. ठसा उमटला पण रंग नखाला आला नाही, तर पुसा. नखाला लागला तर थांबा. मेण मात्र रविवारनंतरच लावा.