अनुभव धागा: चारचौघांत न मिसळणारं मूल, शाळा आणि घरशाळा

काही मुलांना स्वतःहून बोलणं सुरू करता येत नाही, गोंगाट सोसत नाही, खेळातले न सांगितलेले नियम कळत नाहीत. कुणाला स्वमग्नता (ऑटिझम) असते, कुणाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), तर कुणाचं कसलंच निदान झालेलं नसतं. अशा मुलांसोबत बरीच वर्षं काम केलेल्या शिक्षकांनी, थेरपिस्टांनी आणि पालकांनी इथे लिहावं. कहाणी नको. वाचणाऱ्याला उद्यापासून करता येईल असं लिहा: काय करायचं, किती वेळ, आणि कुठे बिघडतं.

विशेष शिक्षिका, ठाणे

शाळा सोडायचा विचार मनात आला की आधी मुलाचा पूर्ण दिवस कागदावर मांडा. तास चालू असताना अशी मुलं बरीच सावरलेली असतात, कारण तिथे काय करायचं ते ठरलेलं असतं. खरा त्रास होतो तो मधल्या सुट्टीत, व्हॅनमध्ये, स्वच्छतागृहात, रांगेत आणि ऑफ तासाला. म्हणून उपायही तिथेच हवा.

मधल्या सुट्टीत अर्धा वेळ डबा आणि अर्धा वेळ ठरलेलं काम द्या: झाडांना पाणी घालणं, वाचनालयातली पुस्तकं लावणं, खेळाचं साहित्य मोजून ठेवणं. सोबत एक मूल हवंच. रोज तेच मूल जोडीला दिलं तर महिन्याभरात ते कंटाळतं किंवा राखणदार होतं, म्हणून तिघा-चौघांत दर आठवड्याला पाळी बदला. आणि 'याच्याशी मैत्री करा' असं वर्गासमोर कधीही जाहीर करू नका. त्या एका वाक्याने मूल वर्गभर वेगळं ठरतं.

बसायला दुसरा किंवा तिसरा बाक, भिंतीच्या बाजूचा. पहिल्या बाकावर पुढे कुणीच नसतं, त्यामुळे 'वही काढा' म्हटल्यावर बघून करायला समोर कुणी दिसत नाही. स्वच्छतागृहात घंटेच्या 5 मिनिटं आधी सोडा.

सोबतीला शॅडो शिक्षिका, म्हणजे वर्गात फक्त या मुलाला मदत करणारी, असेल तर तिची जागा बदलत गेली पाहिजे: आधी शेजारी, मग मागच्या बाकावर, मग दाराजवळ. वर्षभर शेजारीच बसली तर बाकीची मुलं तिच्याशीच बोलतात, मुलाशी नाही.

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, सातारा

परिपाठाचा उपयोग करून घ्या. दिनविशेष किंवा बातम्या वाचणं हे या मुलांना चांगलं जमतं, कारण काय बोलायचं ते लिहिलेलं असतं. मजकूर आदल्या दिवशी घरी द्या, सकाळी ऐनवेळी नको. महिन्यातून दोनदा सगळ्यांसमोर नीट वाचलं की वर्गाची त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

सांभाळायचा काळ म्हणजे स्नेहसंमेलनाची तयारी. दोन-तीन आठवडे वेळापत्रक मोडलेलं असतं, स्पीकर चालू असतो, शिक्षक धावपळीत असतात. 'आता अजिबात शाळेत जात नाही' ही गोष्ट पुष्कळदा याच दिवसांत सुरू होते. तेव्हा रोज सकाळी आजचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि शांत बसायला एक खोली ठरवून ठेवा. डिसेंबरात बिघडलं म्हणून लगेच दाखला काढायची घाई नको. फेब्रुवारीत पुन्हा बघा.

चिडवणं किंवा मारणं होत असेल तर तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, तिथेही विषय मांडता येतो. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

घरशाळा करणारे पालक, पुणे

वरचं सगळं करूनही मुलाची झोप, जेवण बिघडलेलंच असेल तर घरशाळा, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवणं, हा चांगला मार्ग आहे. पहिला महिना-दीड महिना अभ्यासक्रम अजिबात नको, आधी ताण उतरू द्या. त्यानंतर प्राथमिकच्या मुलाला दिवसाला दोन-अडीच तास एकास-एक अभ्यास पुरतो.

अवघड आहे ती सोबत. 'संध्याकाळी सोसायटीत खेळेल' हा हिशोब चुकतो, कारण बाकीची मुलं सात वाजेपर्यंत क्लासला असतात आणि नंतरचा मोकळा धुडगूस याला झेपत नाही. सोबत मुद्दाम बांधावी लागते: तीन-चार मुलं, आठवड्यातून दोनदा, तोच वार, तीच जागा, 45 ते 60 मिनिटं, आणि मधोमध एखादी वस्तू किंवा काम. बुद्धिबळ, ठोकळे, मातीकाम, क्रिकेटचं स्कोअरिंग. नुसतं 'खेळा' म्हणून सोडलं की पंधरा मिनिटांत मूल कोपऱ्यात जातं. संपायची वेळ आधी सांगा. वयं वेगवेगळी असली तर उलट बरंच.

याशिवाय रोज एक बाहेरचं काम मुलाकडे: वाण्याकडून दोन वस्तू, एसटीचं तिकीट, वाचनालयात पुस्तक बदलणं. बोलणं त्यानेच करायचं, आपण चार पावलं मागे.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. सतत मोठ्यांतच राहिल्याने मुलाला हरणं आणि पाळीची वाट बघणं जमेनासं होतं. आणि आईच शिक्षिका, आईच थेरपिस्ट, आईच मैत्रीण अशी अवस्था होते. आठवड्यातला एक अर्धा दिवस दुसऱ्या मोठ्या माणसाने मुलाची जबाबदारी घ्यायलाच हवी. हे सुरुवातीलाच ठरवा.

मुक्त विद्यालयाचं मार्गदर्शन करणारे, नाशिक

कायद्याबद्दल सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, मात्र न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. 2012 च्या दुरुस्तीनुसार तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षण निवडता येतं. त्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा.

दहावीला दोन वाटा. 17 नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा) भरला तर राज्य मंडळाचीच परीक्षा. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय: किमान वय 14, पाच विषय, त्यात एक तरी भाषा. नोंदणी 5 वर्षं चालते आणि एकेका विषयाची परीक्षा वेगवेगळ्या वेळी देता येते. परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरणाऱ्या मुलाला ही मोकळीक फार मोलाची. मराठी माध्यमही आहे. मात्र घरी करायच्या टीएमए स्वाध्यायांना 20 टक्के गुण असतात. ते वेळेत जमा न केल्याने मुलं विनाकारण मागे पडतात.

शाळा सोडताना दाखला, सगळी प्रगतिपुस्तकं आणि विद्यार्थी आयडी घेऊन ठेवा.

क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ, मुंबई

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम आठवी-नववीतच उरका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) आहेत. एडीएचडीचं वेगळं नाव त्यात नाही, म्हणून अशा मुलाची अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्या. दोन्ही सोबत असणं नेहमीचं आहे. स्वमग्नतेसाठी आयसा ही 40 प्रश्नांची चाचणी वापरतात, 70 किंवा जास्त गुण आले तर स्वमग्नता धरतात. उत्तरं मुलाच्या चांगल्या दिवसावरून देऊ नका, रोजच्या वागण्यावरून द्या.

विशेष शिक्षिका, ठाणे

परत शाळेत येणाऱ्यांसाठी एक भर. 14 वर्षांपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश मिळणं हा मुलाचा हक्क आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जूनच्या पहिल्या दिवशी थेट भरलेल्या वर्गात नेऊ नका. सुट्टी संपण्याआधी दोन-तीनदा रिकामी शाळा दाखवा: वर्ग, बाक, नळ, स्वच्छतागृह, मुख्य दार. शक्य असेल तर त्या वर्गातल्या एका मुलाची घरी ओळख करून द्या. पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंतच ठेवायला शाळेकडे लेखी परवानगी मागा, आणि पूर्ण दिवस कधीपासून ते त्याच अर्जात तारखेनिशी लिहा. तारीख नसली की अर्धा दिवसच कायम होतो.