पेट्रोल पंपांत स्पर्धा आहे, मग मापावर सरकारी सील कशाला?

चेंबूरकर: पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. मग मापावर वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का अजून कशासाठी? मुंबईत पंप काही कमी नाहीत. जो माप मारेल त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही. बाजार त्याला सरळ करेलच की.

मापाडी: फिरकणार नाही, पण आधी कळायला तर हवं! लिटरमागे ३० मिली कमी धरा. ३० लिटर भरले तर ९०० मिली गेलं. गाडी लिटरला १५ किमी देत असेल तर ४५० किमीत साडेतेरा किमीचा फरक. सायनच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की एवढा फरक तसाही पडतो, संशय कुणावर घेणार? उलट पंपाची रोजची विक्री ४,००० लिटर धरली तर १२० लिटर फुकटात वाचतात. शंभर रुपये भावाने दिवसाचे १२,००० झाले. त्यातून तो लिटरमागे ५० पैसे सूट देऊ शकेल आणि गिऱ्हाईक प्रामाणिक पंप सोडून त्याच्याकडेच जाईल. म्हणून भाव खुला असला तरी लिटर खुला ठेवून चालत नाही.

पल्सर: हे चालतं कसं ते सांगतो. मीटरमधून पेट्रोल गेलं की आतला भाग फिरतो, पल्सर नावाचा सुटा भाग त्या फिरण्याचे विद्युत ठोके करतो आणि ठोके मोजून आकडा दिसतो. मध्ये चिप घातली की ठोके जास्त मोजले जातात. म्हणजे शून्यापासून बघत उभे राहिलात तरी आकडा चोखच दिसणार. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या छाप्यांत हेच सापडलं. सील असतं ते याच भागांवर.

शीव_स्टेशन: नियमन हवंच, पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. पंपाची फेरपडताळणी वर्षातून एकदा, मधल्या काळात काय झालं ते शिक्का सांगत नाही. पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. हा हक्क फार थोडे लोक वापरतात, याचं वाईट वाटतं.

चेंबूरकर: कळण्याचा मुद्दा पटला. पण मोजताना नेमकं काय बघायचं?

शीव_स्टेशन: आधी ५ लिटरच्या मापावरचा शिक्का मुदतीत आहे ना ते बघा. माप एकदा पेट्रोलने भरून ओतून टाकायला सांगा, नीट निथळू द्या. कोरड्या मापात आतल्या पत्र्याला पेट्रोल चिकटून राहतं, त्यामुळे पंप चोख असूनही कमी दिसतं आणि उगाच भांडण होतं. मग सपाट जागेवर ठेवून ५ लिटर सोडायला लावा. फेस बसला की मानेवरची खूण डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा. २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर पावती घ्या, नोझलचा क्रमांक टिपून ठेवा आणि वैधमापनकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.