वार-नाळेच्या पेशींवरच्या संशोधनाला एकच कार्यपद्धती सक्तीची करावी का?

प्रयोगवही:
करावी, असं माझं ठाम मत आहे. वार, नाळ आणि गर्भजलाच्या पिशवीचा पडदा यांतल्या पेशी उपचारासाठी वापरायच्या म्हणून जगभर काम चाललंय, पण एका लॅबचा निकाल दुसरीत येत नाही. येणार कसा? कोणी नॉर्मल बाळंतपणातली वार घेतं, कोणी सिझेरियनची. कोणी लगेच कामाला लागतं, कोणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतं. पेशी सुट्या करायला कोणी ट्रिप्सिन हे एन्झाइम वापरतं, कोणी कोलॅजिनेज.

सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच आहे. वारेच्या आईकडच्या बाजूला डेसिड्युआचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा, थर चिकटलेला असतो. कोरिऑनच्या, म्हणजे वारेतल्या बाळाकडच्या थराच्या, पेशी म्हणून वाढवायला घेतल्या, तरी काही पॅसेजनंतर (पेशी वाढल्या की नव्या भांड्यात हलवायच्या, ती एक फेरी म्हणजे पॅसेज) फ्लास्कमध्ये आईच्याच पेशी उरू शकतात. मुलगा असेल तर वाय गुणसूत्र तपासलं की हे कळतं. पण ही तपासणी सगळे करत नाहीत! युरोपातल्या 'स्प्रिंट' गटाने २०२० मध्ये थरांच्या आणि पेशींच्या नावांवर एकमत घडवलं. आता कार्यपद्धतीवरही व्हायला हवं.

मुळाक्षर:
अजिबात पटलं नाही. पेशी-उपचारांवर काम करणाऱ्या आयएससीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, मेसेन्कायमल पेशी (अशा उपचारांसाठी वापरतात त्या) कशाला म्हणायचं याचे २००६ चे निकष बघा: पेशी प्लास्टिकला चिकटाव्यात, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही ओळखखुणेची प्रथिनं असावीत, हाड-चरबी-कूर्चा बनवता यावी. अस्थिमज्जेतल्या आणि नाळेतल्या पेशी दोन्ही यात पास होतात, पण टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना, आवरण्याची ताकद दात्यागणिक बदलते. निकष पाळले गेले, पण रुग्णाला उपयोग होईल का, हा प्रश्न तसाच राहिला. मोजायचं असेल तर ती ताकद मोजा. पद्धत आत्ताच गोठवली, तर उद्या तीच चुकीची निघाल्यावर काय?

दोन लेकरांची आई:
तोवर बाजार थांबत नाही हो. धाकट्याच्या वेळी एका खासगी बँकेचा माणूस नाळेचा तुकडाही साठवा म्हणून मागे लागला होता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फक्त नाळेतलं रक्त साठवायला परवानगी आहे. शास्त्रज्ञांतच एकवाक्यता नसेल तर आम्ही त्याला काय उत्तर द्यायचं?

प्रयोगवही:
ताई, मला हीच भीती आहे. आणि प्रमाणीकरण जमतं, हे मुंबईतच दिसलंय. टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून चालू आहे. तिथे गर्भजलाच्या पिशवीचा हाच पडदा धुवून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी देतात.

मुळाक्षर:
त्या पडद्यात जिवंत पेशी नसतात! त्याचं काम जखम झाकायचं. जिवंत पेशी त्यांना वाढवायला घातलेल्या सीरमची (रक्तद्रवाची) बाटली बदलली तरी वेगळ्या वागतात. ते उदाहरण इथे लागू होत नाही.

प्रयोगवही:
बरं, पद्धत मोकळी ठेवू. पण नोंद सक्तीची करा: किती आठवड्यांचं बाळंतपण, पडदा वारेवरचा की बाजूचा, किती तासांनी काम सुरू केलं, कितवा पॅसेज, आईच्या पेशी किती टक्के. एवढं नसेल तर पेपर छापूच नये.

मुळाक्षर:
याला माझी हरकत नाही. पण तासांचा हिशोब लेबर रूममधून सुरू होतो. रात्री तीनला बाळंतपण झालं, तर वार बर्फात कधी ठेवली हे तिथल्या सिस्टरनेच लिहायला हवं, आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये तसा रकाना नाही. आधी तिथे माणूस द्या.