मदत हवी आहे: काळजी आणि पॅनिक, मेंदूत दोन्हीचं सर्किट वेगळं असतं का?

माझ्या आईची चिंता म्हणजे सतत डोक्यात चालू असलेली चक्की, रात्री दोनला उठून गॅसचा नॉब बघणार, मग उद्याचं, मग परवाचं. मला मात्र तसलं काही नाही, पण लोकलमध्ये अचानक छातीत धडधड, हात गार, आता मरतोच असं वाटतं आणि दहा-पंधरा मिनिटात उतरतं. डॉक्टर दोघांनाही ॲन्झायटीच म्हणतात.

वाचताना कळलं की मन मोकळं भटकतं तेव्हा चालणारं डिफॉल्ट मोड नेटवर्क (हे नाव मेंदू-संशोधक रेकल यांच्या टीमने २००१ मध्ये पुढे आणलं) त्याच त्या विचारात घोळत बसण्याशी जोडतात आणि इन्सुला (शरीराच्या आतल्या जाणिवांशी जोडलेला मेंदूचा भाग) असलेलं सेलियन्स नेटवर्क (लक्ष देण्यासारखं काय ते हेरणारं जाळं) शरीरातल्या धोक्याच्या खुणा टिपतं. २०१३ च्या एका प्रयोगात तर ॲमिग्डाला (मेंदूतलं भीतीचं केंद्र मानला जाणारा भाग) खराब झालेल्या लोकांनाही कार्बन डायऑक्साइड हुंगल्यावर पॅनिक आला, हे वाचून मी थक्कच झालो, म्हणजे भीती फक्त ॲमिग्डालातच नसते ना?

मग आमच्या दोघांचे उपचार वेगळे हवेत का? आणि एकट्या माणसाच्या एफएमआरआयवरून (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) हा फरक कळतो का? न्यूरो किंवा सायकॉलॉजीवाल्यांनी प्लीज सोप्या भाषेत सांगा, आईलाही वाचून दाखवायचंय.