गळ, तंगूस आणि नदीकाठ: तुमचेही अनुभव लिहा

काल माळा साफ करताना तंबाखूच्या एका जुन्या डबीत हात घातला आणि बोटात कचकन काहीतरी घुसलं. बघतोय तर आप्पांचा गळ. गंजलाय, पण तंगूसाचं (गळाच्या नायलॉन दोऱ्याचं) वेटोळं अजून तसंच. बायको म्हणाली आधी टीटीचं इंजेक्शन घेऊन या, मी म्हणलं थांब जरा. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी त्यांच्या गळाला आत्ता लागलोय.

रविवारी पहाटे सायकलच्या दांडीवर बसवून सांगलीच्या माई घाटाच्या वरच्या अंगाला न्यायचे. रॉड-रील काही नाही, वेळूची काठी आणि तरंगायला मोराच्या पिसाचा देठ. शिवाय दुसरा एक तंगूस नुसता हातानं फेकायचे, त्याचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचे आणि टोपी डोळ्यावर ओढून गप बसायचे. बोलायचं नाही. अंगठा हलला की मला कोपरानं ढोसायचे, म्हणजे ओढ आता. घरात माझ्याकडं धड बघायचे पण नाहीत, गिरणीच्या पाळ्या आणि झोप, पण तिथं चार-चार तास शेजारी. मासा मिळायचा कधी, बऱ्याचदा नाहीच. मला तो ढोसाच आठवतोय. तुमचं पण असं काही असंल तर लिहा की.

कराडकर७: मरळ. एवढंच लिहितो, ड्युटीवर आहे.

वाईची_सून: आमच्यात भावाला न्यायचे आणि मी परसात गांडूळं खणून द्यायची, कारण पोरींनी नदीवर बसायचं नसतं म्हणे. ४६ व्या वर्षी धोमच्या बॅकवॉटरला मिस्टर म्हणाले जरा रॉड धर, चहा आणतो. तो रॉड मी परत दिलाच नाही. आता ते डबा घेऊन मागं बसतात. तीन तास कुणी विचारत नाही आई माझा चार्जर कुठाय. हे लिहिताना कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, वरणाचं काही खरं नाही

भाकरतुकडा: ताई वरण जाऊ द्या, मासा मिळाला का ते सांगा

वाईची_सून: चिलापी, पावशेर असंल. मी तिचे अकरा फोटो काढलेत.

माळकरी_पण: आमच्या घरात सगळे माळकरी. मी पकडतो आणि सोडून देतो. आईला वाटतं मी सकाळी नदीवर हरिपाठ म्हणायला जातो. एकदा पँट धुताना खिशात कणकेचा वाळलेला गोळा सापडला, म्हणाली एकादशीला खिशात कणीक कशाला रे? म्हणलं मुंग्यांना घालतो. तेव्हापासून शेजारणींना सांगते आमचा बाळू मुंग्यांना पण उपाशी ठेवत नाही.

कृष्णाकाठचा: बाळूशेठ 🙏 सोडताना हात ओले करून धरत जा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग बुरशी लागून मरतो बिचारा. सोडून पुण्य नाही मग.

माळकरी_पण: हे माहीत नव्हतं. पंचायत झाली की आजवरच्या पुण्याची.

नवा_गडी: कटला माशासाठी गळाला काय लावायचं? चार रविवार झाले तळात कणकेचा गोळा सोडून बसतोय, काही नाही

कृष्णाकाठचा: कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधी, मृगळ तळ उकरणारा. तळात गोळा सोडून कटल्याची वाट बघशील तर उन्हानं काळा होशील फक्त. शेंगपेंड भिजवून गोळा कर आणि हातभरच खाली सोड.

नवा_गडी: काळा झालोच आहे, घरचे मुलगी बघायला न्यायचे थांबलेत

कराडकर७: सुटलो. तर मरळ. कोयनेच्या अंगाला, प्रीतिसंगमाच्या वर, पावसाळ्यात कडेच्या गवतात पाण्यावर तांबड्या पिल्लांचा पुंजका दिसतो, पाणी उकळल्यासारखा हलत असतो. खाली आई-बाप राखणीला. तिथं बेडकी लावून टाकली की मरळ हमखास अंगावर येते. आम्ही लय काढल्या तशा. कळायला उशीर लागला की ती भुकेनं धरत नाही, पोरांवर कोण आलं म्हणून धरते. माझी पोरगी तेव्हा दोन महिन्यांची होती. आता पुंजका दिसला की गळ वर काढतो आणि नुसता बघत बसतो, मधीच मरळ वर येऊन हवा घेते, गुडुप्. मित्र म्हणतात हा बाद झाला.

भाकरतुकडा: बाद नाही भावा. पण कालवण बुडालं तुमचं

पलूसकर: अंगठ्याला तंगूस गुंडाळणारे भिलवडी-औदुंबरकडं बसू नका एवढी विनंती. मगरी आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या असतात.

भाकरतुकडा: मगर लागली तर कोपरानं ढोसायला पण वेळ मिळायचा नाही हाहाहा

संथ_वाहते: मी आयर्विन पुलाच्या पलीकडचा. २०१९ च्या पुरात घरात माळ्यापर्यंत पाणी. आठ दिवसांनी परत आलो तर कपाटात चिखल, लग्नाचा अल्बम लगदा झालेला आणि चिखलात एक मेलेली चिलापी. वर्षभर नदीकडं पाठ करून चालायचो, कामावर जाताना लांबचा रस्ता घ्यायचो. मग एकदा चुलत भावानं जबरदस्तीनं नेलं, म्हणला नुसती काठी धर. पाणी एवढंसं, गुडघाभर. तासाभरानं काठी हलली आणि मी पोरासारखा ओरडलो. मासा सुटला ते सोडा. आता शनिवारी जातो. पाऊस वाढला की अजून झोप लागत नाही, ते काही गेलं नाही.

वाईची_सून: दादा, काय बोलू. अल्बमच्या कॉप्या कुणा नातेवाईकाकडं असतील बघा.

संथ_वाहते: मेव्हणीकडं सहा फोटो मिळाले ताई. सगळ्यात मी जेवतोय.

पलूसकर: चिलापीवरनं आठवलं, मादी अंडी तोंडात धरून फिरते, पिल्लं निघाली तरी. तोवर खाणंपिणं जवळपास बंद. आमच्या हिला सांगितलं तर म्हणाली आणि नर काय करतो? मी विषय बदलला.

धागाकर्ता: इंजेक्शन घेतलं. डॉक्टरनं विचारलं कशानं लागलं, म्हणलं वडिलांनी लावलं. पोरगा डबी घेऊन बसलाय, रविवारी जायचं म्हणतोय. नवा गळ आणि तंगूस आणला, पण गांडूळं कुठनं आणू? परसात सगळीकडं पेव्हिंग ब्लॉक टाकलेत, आणि ते मीच टाकून घेतलेत.

कृष्णाकाठचा: सांगलीवाडीत आमच्या गोठ्यामागं या, खुरपं घेऊन. सहाच्या आत या, नंतर म्हशींची धार असते.