मशीन मागवण्याआधी

आईंचा विसराळूपणा वाढलाय म्हणून ऑनलाइन टीडीसीएस मशीन (डोक्यातून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणारं यंत्र) मागवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया घाई करू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्याला लावून २ मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा, दिसायला सोपं आहे. पण या उपचाराच्या टोरांटोतल्या ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, तिथे नुसतं मशीन नव्हतं. आठवड्याचे ५ दिवस, ८ आठवडे, सोबत बुद्धीचे व्यायामही होते. शिवाय जास्त फायदा दिसला तो पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना. आईंना तसा त्रास झाला होता का? डॉक्टरांना आवर्जून सांगा. विसराळूपणाचं कारण तिथेही असू शकतं, म्हणून बी-१२, थायरॉइड आणि कानांची तपासणी मात्र याच आठवड्यात उरकून घ्या.