किलोवॅट, युनिट आणि अँपिअर : एमसीबी नेमका कशामुळे पडतो?

प्रश्न (नवशिका)

आमच्या घरात गीझर (२००० वॅट), रूम हीटर (२००० वॅट) आणि विजेची शेगडी (१५०० वॅट) ही तिन्ही उपकरणे एकाच सर्किटवर आहेत. त्या सर्किटला १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) असून वायर अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची आहे. कोणतीही दोन उपकरणे एकदम चालवली तर काही होत नाही. तिन्ही लावली की काही मिनिटांनी एमसीबी पडतो. ही उपकरणे दिवसातून जेमतेम पाव-अर्धा तास वापरली जात असल्यामुळे त्यांचे युनिट फारसे होत नसणार; उलट महिनाभर अखंड चालणाऱ्या फ्रिजमुळे एमसीबी एकदाही पडलेला नाही. वायरमन म्हणाले, "गीझर ताशी दोन किलोवॅट खातो, एमसीबी ३२ चा टाकून देतो." मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कमी युनिट खाणारी उपकरणे एमसीबी का पाडतात, आणि ३२ चा एमसीबी बसवणे योग्य ठरेल का?

उत्तर १ (तारजोड)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : बसवू नका. कारण पुढे येईलच.

"ताशी दोन किलोवॅट" हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की अनुभवी माणसेही तो सहज वापरतात, पण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. म्हणजे काळाचा हिशेब वॅटमध्ये आधीच धरलेला असतो आणि त्यामागे पुन्हा 'ताशी' जोडण्याचे कारण उरत नाही. गीझर दोन किलोवॅटचा आहे, एवढेच म्हणावे. तो तासभर चालला तर दोन किलोवॅट-तास, म्हणजेच दोन युनिट, ऊर्जा खर्च होते. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. मीटर युनिट मोजतो, कारण त्याला एकूण किती वीज वापरली गेली हे सांगायचे असते. एमसीबीला मात्र युनिटाशी काही देणेघेणे नाही. तो फक्त या क्षणी तारेतून किती अँपिअर वाहत आहेत आणि किती वेळ वाहत आहेत, एवढेच जाणतो.

आता तुमचा फ्रिज घेऊ. तो चालू असताना १५० वॅट घेतो आणि निम्मा वेळ चालतो असे धरले, तर महिन्याला ५४ युनिट होतात. तरी त्याचा चालू प्रवाह एक अँपिअरच्या आसपासच राहतो. गीझर रोज पाव तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात, पण त्या पाव तासात तो जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. बिलाचा धनी फ्रिज आणि तारेवर भार गीझरचा, असा हा प्रकार आहे.

पुरवठा २३० व्होल्टचा धरला तर तुमच्या तिन्ही उपकरणांचे ५५०० वॅट म्हणजे सुमारे २४ अँपिअर होतात. दोन मोठी उपकरणे एकत्र लावली तरी १७.४ अँपिअर होतात, म्हणजे १६ पेक्षा जास्तच. मग तेव्हा एमसीबी का पडत नाही, असे तुम्ही विचाराल. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार १.१३ पट प्रवाहाला, म्हणजे इथे सुमारे १८ अँपिअरला, तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाच्या आत पडलाच पाहिजे. तुमचे २४ अँपिअर त्या दुसऱ्या मर्यादेच्या पलीकडे जातात. आतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, म्हणून तो लगेच न पडता काही मिनिटांनी पडतो. शॉर्ट सर्किट झाल्यास मात्र चुंबकीय यंत्रणा त्याला क्षणात पाडते.

आता ३२ च्या एमसीबीविषयी. एमसीबी हा तारेचा राखणदार आहे, उपकरणाचा नव्हे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडीचच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो; बोर्डापर्यंत २० मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. १६ अँपिअरला त्या तारेत सुमारे ७६ वॅट उष्णता निर्माण होते, तर ३२ अँपिअरला ३०० वॅटहून अधिक. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. ती भिंतीतल्या बंद नळीत कोंडते, इन्सुलेशन हळूहळू कडक होऊन तडकते, आणि एमसीबी मात्र निवांत असतो. गीझरला स्वतंत्र वायर व स्वतंत्र एमसीबी द्या.

उत्तर २ (फेजकर)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण वॅट भागिले व्होल्ट हा हिशेब तुमच्या तिन्ही उपकरणांना लागू पडतो तो ती केवळ उष्णता देणारी असल्यामुळे. मोटर असलेल्या उपकरणात पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष वॅट भागिले व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार) एकाहून कमी असतो, म्हणून प्रत्यक्ष अँपिअर या हिशेबापेक्षा जास्त भरतात. इन्व्हर्टरवर वॅटऐवजी व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलेले असते ते याचमुळे. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ९०० वॅटचा भार उचलेलच असे समजू नये.

नवशिका

दोघांचेही आभार. गीझरसाठी स्वतंत्र वायर ओढून घेतो. मात्र एमसीबी तारेचा राखणदार असेल, तर गीझरचा शॉक लागल्यास माणसाला वाचवणारे काय आहे?

उत्तर ३ (तारजोड)

एमसीबी नव्हे. ३० मिलिअँपिअरचा प्रवाहही शरीरातून गेल्यास घातक ठरू शकतो, आणि १६ अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशेपटीहून अधिक. एमसीबीला त्याची चाहूलही लागणार नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, हे ती पाहते आणि तफावत दिसताच पुरवठा तोडते. दोन मर्यादा ध्यानात ठेवा : एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर तफावत पडत नाही, म्हणून ती तिथे वाचवू शकत नाही, आणि अतिभारापासून तारेचे रक्षण करणे हे तिचे काम नाही, म्हणून एमसीबी लागतोच. गीझरच्या बॉडीला अर्थिंग पक्के आहे ना, हे वायर ओढतानाच तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ बोर्डात एकमेकांना जोडून "अर्थिंग केले" म्हणणारे मी पाहिले आहेत, तसे होऊ देऊ नका.